दहा मिनिटं आपण तिसरे होतो

मी धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. या कामाला बावीस वर्षं झाली. दिवसभर मोडलेली हाडं बघणाऱ्या बाईने मोटरसायकली हवेत उडवणाऱ्यांची चाहती व्हावं, यात माझ्या नवऱ्याला आजही काहीतरी गडबड वाटते.

सुरुवात एका पेशंटपासूनच झाली. तिशीतला माणूस, गळ्याजवळचं हाड मोडून आलेला. मी विचारलं, "खूप दुखतंय का?" तर म्हणाला, "मॅडम, गाडीवर परत कधी बसता येईल ते सांगा." पडलात कसे म्हटलं, तर त्याने चांगल्या हाताने मोबाईल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. मातीचा वळणावळणाचा रस्ता, त्यावर उंच टेकाडं, आणि त्या टेकाडांवरून वीस-बावीस गाड्या एकदम आकाशात. याला मोटोक्रॉस म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर रांग लागलेली असताना मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. घरी येऊन पोळ्या लाटताना दुसरा पाहिला. मग तिसरा. अशी सहा वर्षं गेली. कोण कुठल्या देशाचा, कोण उडी मारताना गाडी आडवी करतो, कोण सुरुवातीला नेहमी मागे राहतो, सगळं तोंडपाठ झालं. पण प्रत्यक्षात एकही शर्यत पाहिली नव्हती. त्या शर्यती कुठे परदेशात होणार आणि मी कुठे सक्करदऱ्यातल्या माझ्या घरात!

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी पेपरात बातमी आली की शहराबाहेर, बेसा ओलांडून पुढे एका मोकळ्या मैदानावर सहा देशांच्या संघांची मोटोक्रॉस शर्यत होणार आहे. मी ती बातमी उभ्यानेच वाचली आणि गॅसवरचं दूध सगळं ओट्यावर आलं.

मी दोन पास काढले. नवरा आधी हो म्हणाला, पण आदल्या दिवशी त्याने नाकाला हात लावून सांगितलं, "मले धूळ चालत नाही, तुले माहीत आहे ना. ताईले घेऊन जा."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. वय बासष्ट. काटोलकडच्या एका गावात त्यांची शेती आहे आणि ती त्या स्वतः पाहतात, ट्रॅक्टरसुद्धा स्वतः चालवतात. त्या वेळी त्या कवळी बसवून घ्यायला आमच्याकडे आल्या होत्या. नवी कवळी बसून तीनच दिवस झाले होते, त्यामुळे त्या तोंड जपून उघडत होत्या आणि एरवीच्या मानाने फारच कमी बोलत होत्या.

"ताई, येता का माझ्यासोबत? गाड्यांची शर्यत आहे."

"कुठं?"

"बेसाच्या पुढं. मातीत."

"मातीत?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मातीत काहून? रस्ता नाही का त्याईले?"

सकाळी चौकातल्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले आणि माझ्या दुचाकीवर आम्ही निघालो. ताई मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या, मांडीवर पिशवी. पिशवीत शेतातली बोरं. बेसा मागे पडलं आणि लांबून तो आवाज आला. मोबाईलमध्ये तो मधमाश्यांसारखा वाटायचा. खरा आवाज पोटात शिरतो. मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

"काय झालं वं?"

"काही नाही," मी म्हटलं. पण मी एकटीच हसत होते. सेहेचाळीस वर्षांची बाई, हेल्मेटच्या आत वेड्यासारखी हसतेय. ताईंनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! लग्नातही इतकी खुश नव्हती तू."

शर्यतीआधी तासभर प्रेक्षकांना गाड्यांच्या तंबूंपर्यंत जाता येत होतं. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, थायलंड, श्रीलंका, नेपाळ आणि आपण. प्रत्येक देशाचे तीन स्वार. सहा वर्षं ज्यांना तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलं, त्यातले दोन माझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसून केळं खात होते. ताईंना मात्र त्या खेळाडूंचं काही नव्हतं, त्या गाड्या बघत होत्या. फ्रान्सच्या तंबूत एक मेकॅनिक सरावात चिकटलेली माती लाकडी पट्टीने खरवडत होता. ताईंनी जरा वेळ पाहिलं आणि पुढे होऊन त्याला सरळ सांगितलं, "तेल लाव गा आतून. आम्ही नांगराच्या फाळाले लावतो. मंग नाही चिकटत."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा एकदम फुलला. तो आत गेला, फवारणीचा एक डबा घेऊन आला आणि मडगार्डच्या आत फुसफुस मारून दाखवला. ताईंनी बोटाने पुसून वास घेतला. "तेलच तं आहे!" त्या म्हणाल्या, आणि दोघंही असे हसले की जणू एकाच गावचे. ताईंनी त्याला मूठभर बोरं दिली. त्याने पहिलं बोर बीसकट चावलं, कळवळला, आणि तरी दुसरं घेतलं.

जागा निवडली ती ताईंनी. मला मोठ्या उडीसमोर उभं राहायचं होतं. त्यांनी मात्र कठड्याच्या कडेने चालता चालता एका वळणापाशी पाय थांबवले. टेकाडं सगळी लाल मुरुमाची होती, पण या वळणावर मुरूम उखडून खालची काळी माती वर आली होती. त्यातच टँकरने धूळ बसवायला सगळ्यात जास्त पाणी इथेच मारलं होतं.

"इथं पडतीन," ताई म्हणाल्या.

"कोण?"

"सगळे. ही आपली काळी माती आहे. वरून चांगली दिसते, आतून लोणी झाली असन. जो वळणाच्या आतून जाईन थो पडन. वरच्या कडेनं जो जाईन थो निघन."

आम्ही तिथेच उभ्या राहिलो. आमच्या आसपास तीसेक लोक जमले, त्यात एक सुपारी कातरणारे निवृत्त पोस्टमास्तर आणि सबंध कुटुंबासह आलेला एक ट्रॅक्टरचा डीलर. मी सगळ्यांना गुणांची पद्धत समजावून सांगितली, कारण तिथे ती मला एकटीलाच माहीत होती. शर्यती तीन, प्रत्येकीत प्रत्येक देशाचे दोन स्वार. जो पहिला आला त्याला एक गुण, बाराव्याला बारा. म्हणजे देशाला मिळणारे एकूण आकडे सहा. त्यातला सगळ्यात वाईट आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या पाचांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी, तो देश वर.

"वाईट आकडा सोडून देतात?" ताईंनी विचारलं.

"हो."

"हे भल्लं चांगलं आहे."

मी पर्समधून एक्स-रेचं जुनं पाकीट काढलं आणि त्यावर सहा देशांचे रकाने आखले.

पहिली शर्यत सुटली. बारा गाड्या एका ओळीत पुढे आल्या आणि पहिल्या टेकाडावरून उडाल्या. त्या क्षणी मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पोस्टमास्तर नंतर म्हणाले की मी "आई गं" म्हणाले होते, सलग सात-आठ वेळा. माती आमच्या अंगावर उडत होती, माझ्या चष्म्यावर, ताईंच्या पातळावर. तिसऱ्या फेरीत थायलंडचा एक जण त्या वळणावर आतून घुसला आणि अलगद, अगदी झोपायला जावं तसा, आडवा झाला. तीस डोकी एकदम ताईंकडे वळली. ताईंनी फक्त पदर सारखा केला. त्यानंतर आमच्या घोळक्यात त्यांचा शब्द शेवटचा झाला.

दुसऱ्या शर्यतीत आपला माणूस पडला. नेमका तिथेच, आमच्यापासून दहा फुटांवर. गाडीचं मागचं चाक चिखलात अर्धं रुतलं. तो उठला, गाडी ओढली, घसरून परत पडला. सगळे ओरडायला लागले. ताईंनी माझ्याकडे पिशवी दिली, पाठ फिरवली, तोंडातली कवळी काढून रुमालात बांधली आणि कमरेला खोचली. मग वळून अशी आरोळी ठोकली की डीलरची बायको दचकून मागे सरली.

"उठ गा! हँडल धरू नोको, मागून उचल! मागून!"

त्याने मागून उचललं. ते ताईंचं ऐकून की स्वतःच्या अकलेने, हे त्यालाच ठाऊक. गाडी निघाली, आमच्या तोंडावर चिखलाचा फवारा मारून गेली, आणि आम्ही सगळ्यांनी त्या चिखलातच टाळ्या वाजवल्या. तो बारावा आला.

"गेलं का मंग सगळं?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई. तोच आकडा सोडून द्यायचा!"

"अवं बाई!" त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. चिखलाच्या हाताने.

तिसरी शर्यत ही त्या दिवसाची खरी गंमत. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स फारच पुढे होते, तो प्रश्नच नव्हता. पण तिसऱ्या जागेसाठी थायलंड आणि आपण. अर्ध्या शर्यतीत फ्रान्सच्या एका गाडीची साखळी तुटली, आणि आमच्यासमोरून आता थायलंडचे दोघं पुढे, आपले दोघं त्यांच्या मागे असे जायला लागले. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. प्रत्येक फेरीला ताई कठड्यावर वाकून हात हलवायच्या, "वरून जा! वरून!" हेल्मेटच्या आत, त्या इंजिनांच्या आवाजात, कोणाला काय ऐकू जाणार? पण तीसच्या तीस लोकांनी ते सुरू केलं. "वरून! वरून!"

शेवटच्या फेरीला थायलंडचे दोघंही आतून गेले. पडले नाहीत, पण चाकं फिरत राहिली आणि गाड्या जागच्या जागी नाचल्या. आणि आपले दोघं, एकामागे एक, वळणाच्या वरच्या कडेने, कठड्याला जवळजवळ घासत निघून गेले. चौथा आणि पाचवा! पोस्टमास्तरांनी अडकित्ता हवेत फेकला, नशिबाने तो कोणाच्या डोक्यात पडला नाही.

मी पाकिटावर बेरीज केली. आपले तीस. थायलंडचे एक्केचाळीस. परत केली. तीस आणि एक्केचाळीस.

"तिसरे!" मी ओरडले. "आपण तिसरे आलो!"

पुढची दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार चांगली दहा मिनिटं होती. डीलरने मोबाईलवर ढोलताशा लावला. ताई नाचल्या. पदर खोचून, हात वर करून नाचल्या. मी नाचले, जी मी माझ्या स्वतःच्या भावाच्या वरातीतही कोपऱ्यात उभी होते. शेजारच्या घोळक्याने विचारलं काय झालं, त्यांना सांगितलं, तेही नाचायला लागले. तिथून ती बातमी त्यापुढच्या घोळक्यात गेली. अख्खा कठडा नाचत होता.

मग लाउडस्पीकर खरखरला आणि निकाल आला. पहिला ऑस्ट्रेलिया, दुसरा फ्रान्स, तिसरा थायलंड, एकोणतीस गुण. चौथा भारत, तीस गुण.

मी पाकीट पाहिलं. थायलंडच्या रकान्यात बारा. पहिल्या शर्यतीत जो झोपल्यासारखा आडवा झाला होता, त्याचे बारा. आपला वाईट आकडा मी इमानदारीने सोडला होता आणि त्यांचा सोडायलाच विसरले होते. ज्या बाईने सगळ्यांना पद्धत शिकवली, त्याच बाईने.

ढोलताशा थांबला. तीस लोक माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "त्यांचा वाईट आकडा मी सोडला नाही."

ताईंनी घाम पुसला, दात नसलेल्या तोंडाने श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मी तं नाचून मोकळी झाली. आता मागं घेत नाही."

पोस्टमास्तर आधी हसले. मग डीलर. मग त्याने ढोलताशा परत लावला, आणि चौथ्या नंबरासाठी आम्ही आधीपेक्षा जास्त वेळ नाचलो. एका गुणाने हरलो होतो, तेही थायलंडसारख्या संघाकडून. याला वाईट कोण म्हणेल? आपले तिघं स्वार कठड्याच्या कडेने गाड्या हळू चालवत आले, तेव्हा तेही गोंधळून गेले. चौथ्या आलेल्यांचं असं स्वागत त्यांनी बहुधा पाहिलं नसावं. पडलेला तो पोट्टा ताईंसमोर थांबला. डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडली तर सगळा चिखल.

"लागलं का रे?" ताईंनी विचारलं.

"नाही मावशी."

"खोटं नोको बोलू. खांदा धरून राहिला तू." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही फोटो काढते हाडाचे. उद्या ये."

तो आला नाही, म्हणजे ठीकच असावा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आवाज मात्र पूर्ण बसला होता. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला सांगावं लागतं, श्वास घ्या, रोखून धरा. माझ्या घशातून नुसती हवा येत होती. शेवटी मी काचेमागे उभी राहून दोन्ही हातांनी खूण करत छाती फुगवून दाखवली आणि गाल फुगवून तशीच थांबले. समोरच्या काकांनी एकदा प्रयत्न केला, माझ्याकडे पाहिलं आणि फस्सकन हसले. तो फोटो हलला. दुसराही हलला. तिसऱ्या वेळी मला स्वतःलाच हसू आवरेना, मग आम्ही दोघं खुर्च्या ओढून जरा वेळ बसलो आणि हसणं संपायची वाट पाहिली.