फिलूने वाचून घेतलेलं पत्र

फिलोमेना कुणाच्याही घरातून निघताना पाठ करत नसे. बोलता बोलता एकेक पाऊल मागे टाकत उंबरठ्यापर्यंत जायची आणि बाहेर पडल्यावरच वळायची. सगळं आयुष्य कबड्डीत चढाया करण्यात गेलेलं. कुणी हसलं तर म्हणायची, "पाठ दाखयली काय पाय धरतले. माका म्हायत आसा."

शाळेच्या संघात आम्ही दोघी होतो. मी राखीव, ती कप्तान. तिचा बापूस पास्कू रापणीवर जाळं ओढायचा, आणि सामन्याच्या दिवशी मासे विकायचे सोडून मैदानाच्या कडेला उभा राहायचा. बारावीच्या वर्षी राज्य संघाची निवड चाचणी झाली. फिलूचं नाव नक्की लागणार, असं आमच्या सरांनी पास्कूला घरी येऊन सांगितलं. शिबिराचं पत्र तालुक्याच्या कबड्डी मंडळाकडे यायचं होतं, आणि मंडळ म्हणजे आमच्याच गावचे दाजी तोरसकर.

पास्कू चार वेळा दाजींकडे गेला. चारही वेळा त्याला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हात उभं ठेवलं. दाजी ओटीवर झोपाळ्यावर. चौथ्यांदा म्हणाले, "नाव लागूक नाय रे तिचा. चेडवाक रापणीर ने, ओढूक तरी उपयोगी पडात." त्या संघात दाजींची पुतणी गेली. पास्कू घरी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर ओरडला, "सगळ्या गावासमोर माझा हसा केलंस!" दुसऱ्या दिवशी फिलू मावशीकडे मुंबईला निघून गेली.

तिथे एका बँकेच्या संघाने तिला घेतलं. पुढे पगारावर खेळली, मोठ्या स्पर्धांत खेळली, पेपरात फोटो आले. राज्याचा शर्ट मात्र तिच्या अंगावर कधीच आला नाही. पहिली संधी चुकली की मागून येणाऱ्या मुली थांबत नाहीत. पास्कूने तिचा एकही सामना पुन्हा पाहिला नाही. तो गेला तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं, की लेक कमी पडली आणि सर खोटं बोलले.

गुडघा गेल्यावर तिने खेळ सोडला. निरोपाच्या कार्यक्रमात निवड समितीतल्या एक जुन्या बाई तिला म्हणाल्या, "त्या वर्षी तू शिबिराला का आली नाहीस गं? यादीत पहिलं नाव तुझं होतं. पत्र पाठवलं होतं आम्ही."

महिन्याभरात ती नोकरी सोडून गावात. सरपंचपदाची निवडणूक लागली होती आणि दाजी तिसऱ्यांदा उभे होते. मालवणात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उमेदवारी अर्ज तिथेच भरतात. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "भर."

"तुला राजकारणातलं काय कळतं?" मी विचारलं.

"काय एक नाय. माका दाजीक पाडूचो आसा."

प्रचारातही ती हेच बोलली. लोक गटारं, नळ, बंदराचा रस्ता काढायचे, ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मी सेवा करूक येवक नाय. दाजीन माझा पत्र दाबल्यान. तुमचाय कायतरी दाबल्यान आसात, तर माका मत घाला." तिच्या चुलत्यांनी कपाळाला हात लावला. पण गावात प्रत्येकाचं काहीतरी दाबलं गेलेलं होतं. ती निवडून आली.

कारभार तिने सरळ केला, हे सांगायला हवं. नळ आले, रस्ता झाला. पण त्यात तिचा जीव नव्हता. ती वाट बघत होती, आणि दुसऱ्या वर्षी दाजी आलेच. समुद्राकडेला त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता. कागद सगळे बरोबर.

फिलूने त्यांना बाहेर अंगणात उभं ठेवलं. तीन वेळा आले, तीन वेळा परत पाठवलं. शिपायाने नेलेली खुर्चीसुद्धा तिने आत आणायला लावली. मी तिला म्हटलं, "हे कायद्यात बसत नाही, फिलू. तक्रार केली तर तुझं पद जाईल."

"म्हायत आसा. तेका करूंदे तक्रार. कित्याक अडवलंय ता मी सगळ्यांसमोर सांगतंय."

दाजींनी तक्रार केली नाही. चौथ्यांदा आले तेव्हा तिने एक कोरा कागद पुढे ठेवला. "माझ्या बापसाक पत्र लिवा. तेवा येवक व्हया होता, ता. आणि तुमीच नेऊन द्या."

पुढे मुदत संपल्यावर लोकांनी तिला पुन्हा उभं राहायला सांगितलं. ती नाही म्हणाली आणि गोव्यात बहिणीकडे राहायला गेली. आता फोनवरच भेटते. मला ती आठवते ती मात्र त्या दुपारची, चर्चमागच्या दफनभूमीत, गुडघ्याला पट्टा बांधून ताठ उभी राहिलेली.

दाजींच्या हातात त्यांनीच लिहिलेला कागद होता. पास्कूच्या क्रुसासमोर उभं राहून ते भरभर पुटपुटले, "श्री. पास्कू यांस, आपली कन्या फिलोमेना हिची राज्य संघाच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. हे पत्र मी आपणास दिले नाही." एवढं वाचून कागदाची घडी घालू लागले.

"परत," फिलू म्हणाली. "मोठ्यान वाचा. बापूस कानान कमी आयकी."

फाटकाशी दोन बाया फुलं घेऊन थांबल्या होत्या. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फिलूकडे. मान लाल झाली होती. पण त्यांनी वाचलं, शब्द न् शब्द, भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. फिलूने डोळे मिटून घेतले होते. वाचून झाल्यावर तिने पिशवीतून दाखला काढला, तिथेच गुडघ्यावर धरून सही केली आणि त्यांच्या हातात दिला.

म्हाताऱ्या माणसाची मला दया यायला हवी होती. आली नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "फिलू, पास्कूकाकाचे कान शेवटपर्यंत चांगले होते."

"होते गो," ती म्हणाली. "तेका पयल्यांदाच आयकू इला. दुसऱ्यांदा माका आयकूचा होता."