बदलीत आलेला बॅट्समन

नव्या टेनिस बॉलच्या रबराचा वास आला की मला कुवेतच्या रुमैथिया भागातलं ते धुळीचं मैदान आठवतं. तेव्हा मी तिथे सुतारकामावर होतो आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शर्क भागातल्या टीमकडून खेळायचो. कोकणातल्या एकाच गावाहून कुवेतला आलेल्या लोकांची एक टीम सारखी हरत होती, म्हणून तिच्या मॅनेजरने आपला जुना बॉलर आमच्या टीमला दिला आणि बदल्यात मला घेतलं. पहिल्याच मॅचला मी शून्यावर आऊट झालो, टीम पुन्हा हरली. मी बसायला अंथरलेल्या चटईच्या कडेला बुटातली वाळू झाडत होतो आणि गावचे पाठीराखे माझ्यासमोरच मॅनेजरवर तुटून पडले. "गावचा पोरगा देऊन हा धोंडा आणलास?" "अरे, त्याचा खांदा गेलाय," मॅनेजर म्हणाला. "मग बसवून ठेवायचा, परक्याला नाही द्यायचा! ह्याला आजच काढ." माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "मीसुद्धा कुठल्यातरी गावचाच आहे." त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस थंडपणे म्हणाला, "मग त्या गावाकडून खेळ." मॅनेजर स्टंप गोळा करायला लागला. त्यांच्या व्हॅनमध्ये जागा होती, तरी मी बॅट उचलून उन्हातून बस स्टॉपकडे चालू लागलो. पुन्हा कुठल्याच टीमकडून खेळलो नाही. मी अजून कुवेतलाच आहे, आता माझी गाडी आहे. शुक्रवारी त्या मैदानावरून जाताना मी काच खाली करून कुणालातरी स्कोअर विचारतो, आणि ती टीम हरतेय असं कळलं की मला अजूनही बरं वाटतं.