भिंगं गेली कुठे?

स्टुडिओत त्याला सगळे खर्ज म्हणत. आवाजच तसा होता. नुसतं 'पाणी तापलंय' म्हणाला तरी ऐकणाऱ्याला वाटावं, घरात काहीतरी विपरीत घडलंय. वीस वर्षं त्याने साबण, पंखे आणि विमे खपवले. निवडणूक आली की मात्र वेगळं काम मिळे, समोरच्या उमेदवाराची अब्रू काढायचं.

त्याचंही एक तंत्र होतं. आरोप कधी करायचा नाही, प्रश्न विचारायचा. प्रश्नावर खटला भरता येत नाही, असं वकील सांगून गेला होता. नावाआधी अर्धा श्वास थांबायचं. आणि शेवटचा शब्द खाली, पार बेंबीपर्यंत न्यायचा, म्हणजे प्रश्नचिन्ह आपोआप गळून पडतं. पडद्यावर उमेदवाराचा शिंकेच्या आधीचा चेहरा, तोही रंग काढून. उरलेलं काम लोक घरबसल्या स्वतःच करतात. जाहिरात लिहिणारा खूश होऊन म्हणायचा, "खर्ज, तुम्ही नुसता पत्ता विचारलात तरी माणूस गुन्हा कबूल करेल."

या खेपेची ओळ होती, 'सरकारी दवाखान्यातली चारशे भिंगं गेली कुठे?' उमेदवार होत्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. डोळ्यात बसवायची ती भिंगं गेली हे खरंच होतं. खराब निघाली म्हणून बाईंनीच ती भांडून परत पाठवली होती. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं, आणि चहा पिता पिता त्याने ते खर्जालाही सांगितलं होतं. त्याच बाई येत्या गुरुवारी खर्जाच्या आईचा मोतीबिंदू काढणार आहेत, हेही त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ओळ वाचली, आणि पहिल्याच टेकमध्ये उरकली.

बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, "मी नाही जाणार. माझ्या डोळ्यात काय बसवतील कोण जाणे."

"अगं, मोतीबिंदू पिकलाय. आता थांबलं तर डोळा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय ना?"

"टीव्हीवर तूच तर सांगितलंस."

आईला चित्र दिसतच नव्हतं. तिने फक्त पोराचा आवाज ऐकला होता, दिवसातून आठ-आठ वेळा. शेजारणीला बोलावून कौतुकाने ऐकवलाही होता.

खर्जाच्या अंगाचा तिळपापड झाला. राग काढायचा तरी कोणावर, तेही कळेना. "आई, मी काही सांगितलं नाही, मी नुसतं विचारलं. ती भिंगं खराब होती, बाईंनी परत पाठवली, त्यांचा काडीचा दोष नाही, उलट त्यांच्यामुळे लोकांचे डोळे वाचले."

"मग हे का नाही बोललास?"

"ते लिहिलेलं नव्हतं."

"लहानपणी खोटं बोलायचास ना, तेव्हा असाच भरभर बोलायचास," आई म्हणाली. "टीव्हीवर कसा सावकाश बोलत होतास."

आता आईला समजवायचं तरी कसं? तो पलंगाच्या कडेला बसला. घसा खाकरला. मग एकेक शब्द तोलत, मध्ये अर्धा श्वास थांबत, आवाज खाली नेत म्हणाला, "आई, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत."

आईने कान देऊन ऐकलं, आणि हळूच मान हलवली.

"आता अगदी जाहिरातीसारखं बोललास," ती म्हणाली. "म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच. उद्याचं रद्द कर, बाबा."