जुन्या पाकिटाचा तुकडा

मी धानाच्या बांधीत काम करत होतो. शेजारची सून बांधाच्या पाळीवरून ओरडत आली, "मामाजी, चला लवकर, मामी उठून नाही राहिली!" घरी पोचलो तर पारबता, माझी बायको, भिंतीला टेकून झोपल्यासारखी बसलेली. हृदय बंद पडलं होतं. ती रोज घेई त्या गोळीचा काही संबंध नाही, मी डॉक्टरांना विचारून आलो. महिना झाला, पण घरात अजून तिचीच चाहूल लागते...

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि तिचं मन खचलं. नव्या घराच्या दारात बसून राही. पाण्याखाली आपली चूल अजून पेटली आहे, म्हणे. धूर दिसतो, म्हणे. मीही बघत बसे, मलाही दिसल्यासारखा वाटे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मनाची गोळी लावली, गुलाबी. दोन महिन्यांत बाई हसू लागली, माझ्याशी भांडूही लागली.

मग एकदा अड्याळच्या मेडिकलवाल्यानं पांढरी गोळी दिली. औषध तेच, कंपनी दुसरी, म्हणाला. मी चौथी शिकलेला माणूस, तिथंच ओरडलो, "डुप्लिकेट देऊन राहिला काय बे?" घरी येऊन गोळीच बंद केली. सोळा दिवस तिला चक्कर येई, रडू येई, पुन्हा ती पाण्याकडं बघत बसली... शेवटी तीच म्हणाली, "चला जी, डॉक्टरलेच विचारू."

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं ठेवलेलं, खालचं बारीक नाव औषधाचं, आणि ते दोन्हीकडं एकच. ताकदही तीच. न विचारता गोळी बंद केली म्हणून मला चांगलंच झापलं. पारबतेला अक्षर येत नव्हतं. तिनं त्या बारीक नावावरून बोट फिरवलं, "पोतं बदललं म्हणून आतला चिन्नोर तांदूळ बदलते का जी?"

त्या दिवसापासून गुलाबी पाकिटाचा तुकडा तांदळाच्या डब्यात. नवं पाकीट आलं की ती रांगोळी जुळवावी तसं एकेक अक्षर जुळवी, "जुळलं" म्हणे, मगच गोळी घेई. कधी चिडवी, "तुमी माहे सोळा दिवस खाल्ले." मी हसण्यावारी नेई. चुकलो, असं कधी म्हटलं नाही.

काल भात मांडायला डबा उघडला, तुकडा हाताला लागला. तिच्या शेवटच्या पाकिटात चार गोळ्या उरल्या आहेत. दारात तिच्या जागी बसलो, दोन्ही शेजारी धरले. इंग्रजी मला येत नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवत शेवटापर्यंत गेलो. समोर पाण्यावर धुरासारखं काही तरंगत होतं...

"जुळलं वो, पारबता," मी म्हणालो. "माह्यंच चुकलं होतं."