मेव्हण्याचा पेनड्राइव्ह

बोळिंजच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर मी बिघडवला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोष मेव्हण्यावर गेला आणि मी तो जाऊ दिला.

सोसायटीच्या सत्यनारायणाची पत्रिका टाइप करायची होती. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विकत घेण्याऐवजी मी कुठल्याशा साइटवरून कुलूप तोडलेलं, फुकटातलं उतरवलं. सोबत सूचना होती: आधी अँटीव्हायरस बंद करा. केला. पत्रिका सुरेख झाली.

मग अँटीव्हायरस आपोआपच बंद पडू लागला. बायकोच्या मेलवरून नातेवाइकांना भलत्या लिंक जायला लागल्या. त्याच सुमारास मेव्हणा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आला होता.

"ह्याच्यातूनच आलं असणार," बायको त्याच्या तोंडावर म्हणाली. "बँजोवाल्यापासून फोटोवाल्यापर्यंत कुठेही लावत फिरतो."

"भावोजी, तुमी तरी सांगा हिला. फोटोंना म्हावऱ्याचा वास येल एक वेळ, रोग नाय."

मी म्हणालो, "बघतो." बस, एवढंच. त्याचं हसू उतरलं. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून तो गेला, तो परत आलेला नाही.

नेहमीच्या तपासणीत काही सापडेना. शोधत गेलो तेव्हा रूटकिट हा छुप्या व्हायरसचा प्रकार कळला. ते विंडोजच्याही खाली दडतं आणि पहारेकऱ्याकडूनच 'सगळं ठीक' वदवून घेतं. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे घरभेदीच की."

रविवारी दुपारी वायफाय बंद करून, विंडोज सुरू होण्याआधी चालते ती तपासणी लावली. काळ्या पडद्यावर टक्के सरकत होते आणि मी, खरं सांगतो, ते मेव्हण्याचंच निघावं म्हणून देवाला विनवत होतो. निघालं माझ्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये.

अशा मशीनवर पुन्हा भरवसा कसा ठेवायचा? ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोजचा नवा पेनड्राइव्ह बनवून आणला, डिस्क पार पुसली, सगळे पासवर्ड बदलले. शेवटी मेव्हण्याचा पेनड्राइव्ह तपासला. नुसते फोटो. एकात तो मला पेढा भरवतोय.

"गेलं का?" बायकोने विचारलं.

"गेलं."

"त्याच्याकडचंच ना?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

पेनड्राइव्ह अजून माझ्या खणात आहे. तो अर्नाळ्याला नेऊन त्याच्या हातात द्यायचाय, आणि बायकोच्या देखत सांगायचंय की त्याच्यात काही नव्हतं, घरभेदी मी होतो.