नानांची बिनरंगाची गाडी

नाना कुणाकडेही पाहायचे ते एक डोळा मिटून. भोरमध्ये त्यांनी उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळे समोरचा माणूस चौकटीत बसवल्याशिवाय त्यांना दिसतच नसे. मी उत्रोलीच्या शाळेत बदलून आले आणि खोली भाड्याने मागायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हाही त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "बाई, जरा उजेडात या. सावलीत मानसाचा अंदाज येत न्हाई." उजेडात मी बरी दिसले असावे, कारण त्यांच्या पत्नी, ताराकाकू, लगेच चहा टाकायला आत गेल्या.

याच सवयीने त्यांचा घात केला. डावा डोळा सदा मिटलेला, त्यामुळे त्याची नजर कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. डावा गेला होता आणि उजव्याची नजरही कडांकडून कमी होत चालली होती. गेलेलं परत येणार नव्हतं, थेंब घालून उरलेलं जपायचं एवढंच हातात होतं. नानांनी स्टुडिओ बंद केला. दुसरा कुणी देवाधर्माला लागला असता. नाना गाडी घेऊन आले.

स्टुडिओचं शेवटचं काम म्हणून ते वेल्ह्याकडच्या एका बंगल्याचे फोटो काढायला गेले होते. बंगला विकायचा होता. तिथल्या गोठ्यात, भाताच्या पेंढ्याखाली, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती गाडी पडली होती. तरुणपणी याच गाडीशेजारी बंगल्याच्या मालकांना उभं करून नानांनी फोटो काढला होता, आणि ती एकदा चालवायची हे तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. मालकांच्या मुलांनी "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल" म्हणून देऊन टाकली. पेंढा ओल धरतो. त्या ओलीने गाडी खालून पार खाल्ली होती. टेम्पोतून आणताना कामथडीजवळ एक दार रस्त्यावर पडलं. तिथून घरापर्यंत नाना ते दार छातीशी धरून मागे बसून आले.

काकूंनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "आपल्याकडं भंगार कमी हुतं व्हय?"

"तारे, नजर हाय तवर एकदा चालवू दे," नाना म्हणाले. "मग ठेव न्हाईतर फेक."

पैशाच्या नावाने आनंदच होता, त्यामुळे गाडीची दुरुस्ती घरातल्या वस्तूंवर चालली. गाडीला तळ उरला नव्हता, तिथे स्टुडिओच्या दारावरची पत्र्याची पाटी कापून बसली. वाकून पाहिलं की 'लग्नकार्याचे फोटो' एवढं वाचता येई. गंजलेले नट काकूंच्या आंबट ताकात भिजत पडायचे. त्या दिवसांत कढी कुठल्या ताकाची, हे विचारल्याशिवाय मी पानावर बसत नसे. वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या धनगराला नानांनी त्याच्या मेंढरांसकट फोटो काढून दिला होता. त्याने घोंगडी आणून दिली, तिच्या सीटा झाल्या. इंजिन मात्र किकवीच्या मिस्त्रींनी भंगारातल्या जीपचे भाग घालून सुरू केलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा शेजारच्या गाईने दावं तोडलं.

पत्र्याच्या बाबतीत मात्र नाना कुणाला बधत नसत. मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. पत्र्यातले खड्डे लप्पम भरून बुजवायचे, वर रंग मारायचा, की महिन्यात गाडी बाहेर. नाना ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यायचे. "जलमभर म्या ब्रशनं फोटूतल्या लोकांचे डाग झाकले, मिस्त्री. काळ्याला गोरं केलं. आता झाकाझाकी न्हाई." एक डाग घासावा तर त्याच्याखाली दुसरा निघायचा. इकडे बाजूला ठेवलेला कप त्यांच्या हाताला सापडेनासा झाला होता. येता-जाता उंबऱ्याला ठेच लागायची. काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यांचा गंज सरायच्या आत डोळं सरत्याल." मलाही तेच वाटत होतं, पण मी नानांना कधी बोलले नाही.

दसऱ्यापर्यंत गाडी वरून नुसता पांढरा, लखलखीत पत्रा झाली होती. उघड्या पत्र्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, अशी नानांची घरात सक्त ताकीद होती. दसऱ्याच्या सकाळी ते डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणायला भोरला गेले. पण दसऱ्याला घरातली गाडी बिनपूजेची कशी ठेवायची? काकूंनी बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूची ओली माळ घातली, नारळ फोडला आणि त्याचं पाणी चौफेर शिंपडलं. मीही शेजारी उभी राहून हात जोडले. नाना परत आले तेव्हा गाडीवर गोणपाट टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माळ काढली. बॉनेटवर स्वस्तिक जसंच्या तसं गंजून उमटलं होतं. माळेच्या जागी तांबूस पट्टा, आणि नारळाच्या पाण्याचे ठिपके तर बॉनेटभर. काकू मटकन खालीच बसल्या. "माज्या हातानं तुमचं दीस घालवलं," एवढंच म्हणत रडत राहिल्या.

नानांनी बॉनेटला नाक लावून पाहिलं. स्वस्तिकावरून बोट फिरवलं. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी दाराकडे सरकले. पण ते हसायला लागले. "रेघ लई झाक वडलीस," ते म्हणाले. "हे घासत बसलो तर ऱ्हायलंच माझं. ऊठ. बस गाडीत."

"अवो, रंग?"

"बिनरंगाची जाऊ."

मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही, या काकूंच्या अटीवर गाडी खाचरांमधल्या पाणंदीने ओढ्याकडे निघाली. वेग इतका बेताचा की मी मागून चालत होते. काकू पदर खोचून शेजारी बसल्या होत्या. "समोर दगड हाय. आता सरळ घ्या."

"सरळ मलाबी दिसतंय. कडंचं सांग."

"डावीकडं म्हस हाय. उजवीकडं बांध. अजून बांध. आता मोकळं."

ओढ्यापाशी नानांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून ते रडत होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. मग किल्ली काढून काकूंच्या हातात दिली. तेवढ्या एका फेरीनंतर ते पुन्हा चालवायच्या जागेवर बसले नाहीत. गाडी घरी आणली ती मिस्त्रींनी.

पुढच्या वर्षी उजवा डोळाही गेला. पत्रा घासणं मात्र चालूच राहिलं, आता बोटांनी चाचपत. शेवटी रंगारी आला आणि त्याने कुठला रंग म्हणून विचारलं. ती गाडी मूळची लाल, आणि नाना लालशिवाय बोलत नसत, म्हणून मी लाल सांगणार होते. नाना म्हणाले, "मला इचारू नगंस. बघणार ती हाय. तारे, तू सांग."

काकूंनी दोन दिवस घेतले. मग रंगाऱ्याला बांधावर नेऊन लावणीनंतर जीव धरलेलं भाताचं हिरवं खाचर दाखवलं आणि म्हणाल्या, "असा." त्याने बरीच कुरकुर केली, पण तसा रंग जमवला. वाळल्यावर नानांनी गाडीवरून तळवा फिरवला. "ओघळ आल्यात की रं," ते पुटपुटले आणि मग काकूंकडे वळले. "तुला आवडला का?"

"आवडला."

"मग झालं."

नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं. मध्यंतरी पुण्याहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. जुन्या गाड्यांचे शौकीन होते, माणूसही सभ्य. घोंगडीच्या सीटांवरून त्यांनी प्रेमाने हात फिरवला. गाडी घेतो म्हणाले, पुन्हा मूळच्या लाल रंगात आणू आणि नानांच्या नावाने प्रदर्शनात लावू. काकूंना पैशाची गरज होती, ते मला ठाऊक होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचे कप उचलले आणि म्हणाल्या, "न्हाई द्यायची. साडीपासनं भिंतीपर्यंत ह्या घरातला समदा रंग त्यांनीच ठरवला. ह्यो एक मला इचारून लावलाय."