चौथ्या मजल्याचं दार

मेश्राम मॅडम लिफ्टच्या तपासणीला निघाल्या की त्यांच्या पिशवीत तीन वस्तू असत : विजेरी, मोजपट्टी आणि चहाचा थर्मास. पहिल्या दोन सरकारी, तिसरा घरचा. नवीन इमारतीतल्या लिफ्टला परवाना द्यायचा की नाही, हे त्या ठरवत. मी त्याच कार्यालयात आवक-जावक कारकून. माणसं कमी असल्यामुळे टिपणं घ्यायला मलाच त्यांच्यामागून जावं लागे.

पहिल्याच दिवशी बिल्डरच्या कार्यालयात आमच्यापुढे काजू आले, चहा आला. माझा हात बशीपर्यंत पोचलाही होता. मॅडमनी शांतपणे थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि म्हणाल्या, "तुमचा तुम्ही घ्या जी, मी माझा पिते. दोघंही पिऊ, म्हणजे कोणी कोणाला पाजला असं होत नाही." मी हात मागे घेतला. समोर आलेले काजू सोडणं पुणेकराला किती जड जातं, हे त्या भंडाऱ्याकडच्या बाईंना कुठून कळणार!

परतताना मी कुरकुरलो, "साधा चहा नियमात बसतो, मॅडम."

"नियमाला चालतो, मला नाही," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत पुढे बोलल्या, "माझ्या आजानं लोकांच्या ओसरीखाली उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं, पानसे. वरून ओतायचे ते. मी माझा कप सोबत ठेवते." मी पानसे; तशा ओसऱ्या आमच्याच लोकांच्या. त्यानंतर मीही घरून चहा नेऊ लागलो. तो गार व्हायचा, आणि त्या हसून मला त्यांच्यातला अर्धा द्यायच्या.

एका दिवाळीत एका बिल्डरचा माणूस धायरीला त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनकडे मिठाईचा खोका ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून त्या तो परत करून आल्या आणि वर पोच मागितली. मिठाईची पोच मागणारी बाई म्हणून कार्यालयात आठवडाभर चेष्टा झाली. मीही त्यात होतो. त्यांनी पोच फाइलला लावली आणि मला म्हणाल्या, "हसून घ्या जी. हसणं फुकट घेतलेलं चालते."

मग खराडीची ती इमारत आली. सगळं झकपक होतं. चौथ्या मजल्यावर मात्र लिफ्ट खाली असतानाही तिचं दार ओढलं की उघडत होतं. पलीकडे नुसता काळोखा खड्डा. मॅडमनी ते दोनदा उघडून पाहिलं. "इथं लेकरं राहणार आहेत जी," असं त्या बिल्डरच्या मॅनेजरला म्हणाल्या, आणि परवाना नाकारावा असं टिपण मला सांगितलं. जिन्याने उतरताना दुसऱ्या मजल्यावर त्या छातीला हात लावून खाली बसल्या.

मॅनेजरने गाडी काढली. रुग्णालयात साध्या वॉर्डात खाट रिकामी होती. पण तो म्हणाला, "अहो, मॅडमना तिथे कशाला? वर स्वतंत्र खोली सांगितलीय, खर्च आमचा, तुम्ही फक्त सही करा." मी सही केली. त्यांचं भलं करतोय असंच मला वाटलं होतं. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, दुसरं काही मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी डोळे उघडले, पडदे पाहिले, सोफा पाहिला. "हे काय करून राहिले जी तुम्ही? खोली कोणी दिली?"

मी सांगितलं.

"गाडी ठीक. जीव जात होता, माणुसकी झाली. खोली कशाला घेतली?" त्याच दुपारी त्या वॉर्डात गेल्या, आणि साहेबांना पत्र लिहायला मला सांगितलं. झालेली सोय कळवली, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी अशी विनंती केली. खोली कोणी घेतली, ते मात्र लिहू दिलं नाही.

"पण तुम्ही तर परवाना नाकारताय!" मी म्हणालो.

"नाकारला तर म्हणतील, खोली कमी पडली. दिला तर म्हणतील, पुरली. माझ्या सहीत आता काही राहिलं नाही, पानसे." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

फाइल ज्या अधिकाऱ्याकडे गेली त्यांनी आमचं टिपण वाचलं की नाही, देव जाणे. आठ दिवसांत परवाना निघाला. जावक क्रमांक मीच घातला. मी रोज वॉर्डात जायचो आणि त्या रोज एकच विचारायच्या, "चौथ्या मजल्याचं दार नीट झालं का जी?" त्यांचा श्वास पुरत नव्हता. शेवटी एक दिवस मी म्हणालो, "झालं, मॅडम." त्यांनी माझा हात थोपटला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

धायरीला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांची मुलगी प्रज्ञा मला म्हणाली, "काका, आई सांगत होती, पानसेंनी ते दार करून घेतलं. तेवढं ऐकून तिला शांत वाटलं." माझ्याने तिथे जेववलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच अर्ज लिहिला. खोली मी घेतली, दार तसंच आहे, लोक राहायला आले आहेत, सगळं लिहिलं. आवक नोंदवहीत 'कोणाकडून' या रकान्यात इतकी वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली, त्या दिवशी माझं लिहिलं. साहेब म्हणाले, "पानसे, नोकरी नकोशी झालीय का?" मला ज्ञापन मिळालं, चौकशी अजून चालू आहे. पण लिफ्ट बंद झाली आणि फेरतपासणीही झाली.

गेल्या आठवड्यात मी खराडीला जाऊन आलो. चौथ्या मजल्यावर एका घराबाहेर लहान मुलांच्या चपला होत्या. लिफ्ट खाली होती. मी दार ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. तिथेच जिन्यावर बसून थर्मासमधला चहा झाकणात ओतला. आता तो अर्धा करायला कोणी नव्हतं.

"झालं, मॅडम," मी म्हणालो. या वेळी खरं.